अमेरिकेतला छोटा धंदा, पासष्टीला टेकलेला मालक: ग्रुप आरोग्यविमा कसा घ्यावा, कधी सोडावा

मोटेल असो, फार्मसी असो की दहा जणांची आयटी कन्सल्टिंग कंपनी असो, अमेरिकेत धंदा करणारा माणूस साठीच्या आसपास आला की तीन प्रश्न घेऊन बसतो. आपल्याला ग्रुप प्लॅन मिळेल का? आपल्या वयामुळे तो किती महाग पडेल? आणि मेडिकेअर (पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा) लागलं की या ग्रुपचं काय करायचं? पहिल्या दोन प्रश्नांवर ब्रोकरशी महिनोन्महिने घासाघीस होते. मोठा पैसा बुडतो तो तिसऱ्यावर, कारण तो विचारायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

ग्रुप कधी बनतो

केंद्रीय नियमाप्रमाणे १ ते ५० कर्मचाऱ्यांचा धंदा म्हणजे छोटा ग्रुप. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये ही हद्द १०० पर्यंत आहे. मात्र यातला ‘१’ म्हणजे तुम्ही नव्हे. धंद्यात फक्त नवरा-बायको असतील तर कायद्याच्या लेखी तिथे कर्मचारीच नाही, मग कंपनी इन्कॉर्पोरेट केलेली असो वा नसो. दोन भागीदार आहेत आणि पगारावर कुणीच नाही, तरीही तेच. पगारातून कर कापून डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक करदाखला) मिळणारा, मालक किंवा मालकाचा जोडीदार नसलेला किमान एक माणूस लागतो. १०९९ वर काम करणारे कंत्राटदार कितीही वर्षांचे जुने असले तरी मोजले जात नाहीत.

मुलगा किंवा सून खरोखर दुकानात काम करत असेल आणि पगार रीतसर निघत असेल, तर केंद्रीय नियम आड येत नाही. पण विमा कंपन्या अशा ग्रुपकडे बारकाईने बघतात आणि काही जणी घराबाहेरचा एक तरी माणूस मागतात. तो कर्मचारी पगारावर असला की पुरतो की त्याने प्लॅनमध्ये नावही घालायला हवं, हेही कंपनीगणिक बदलतं. दोन्ही गोष्टी अर्जाआधी ब्रोकरकडून लेखी घ्या. कागदावरचा कर्मचारी उभा करण्याच्या फंदात पडू नका. तो पहिल्याच मोठ्या बिलाला उघडा पडतो, आणि त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात असता.

पुरावा म्हणून विमा कंपनी तुम्ही राज्याला भरलेलं तिमाही पगारपत्रक मागते: न्यूजर्सीत डब्ल्यूआर-३०, कॅलिफोर्नियात डीई-९सी, न्यूयॉर्कमध्ये एनवायएस-४५. पगार न घेणाऱ्या मालकाचं नाव त्यात नसतं. म्हणून भागीदाराने शेड्यूल के-१, एकट्या मालकाने शेड्यूल सी (दोन्ही कराचे फॉर्म) आणि धंद्याची नोंदणीपत्रं सोबतच जोडावीत. हे राहिलं की अर्ज परत येतो आणि महिन्याची १ तारीख हुकते.

वय झालेल्या मालकाने तासांकडे लक्ष द्यावं. बहुतेक प्लॅनमध्ये आठवड्याला ३० तास काम करणारा माणूस पात्र धरतात आणि मालकालाही ती अट लागू असते. कारभार मुलाकडे देऊन आठवड्यातून दोन सकाळी दुकानात चक्कर मारणारा मालक भागधारक राहतो, पण विम्याच्या अर्थाने काम करणारा राहत नाही. नुसता पैसा गुंतवलेला भागीदारही बसत नाही. तास कमी करायचे असतील तर प्लॅनच्या करारातली तासांची व्याख्या आधी वाचा, मगच वेळापत्रक बदला.

एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे: आई-वडिलांना ग्रुपमध्ये घालता येईल. नाही. साधारणपणे जोडीदार आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं, एवढेच येतात.

सहभागाची टक्केवारी आणि डिसेंबरची खिडकी

कंपन्या साधारण दोन अटी घालतात. एकट्या कर्मचाऱ्याच्या प्रीमियमचा किमान निम्मा भाग मालकाने भरायचा आणि पात्र माणसांपैकी ठरावीक टक्के, बहुधा ५० ते ७५, प्लॅनमध्ये यायला हवेत. ज्यांचा विमा जोडीदाराच्या नोकरीतून आहे किंवा जे मेडिकेअरवर आहेत, त्यांना बहुतेक कंपन्या हिशेबातून वगळतात, पण त्यांनी सही केलेला नकाराचा फॉर्म हातात हवा. सहा पात्र माणसं, एकाचा विमा बायकोकडून, एक मेडिकेअरवर: उरले चार. त्यांतले तीन आले की ७५ टक्के झाले. फॉर्म नसेल तर तेच तीन सहांपैकी धरले जातात, म्हणजे ५० टक्के, आणि ७५ टक्के मागणाऱ्या कंपनीत ग्रुप नापास होतो.

टक्केवारी जमतच नसेल तर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात अर्ज करा. या महिन्यात सहभागाची किंवा मालकाच्या वाट्याची अट दाखवून कंपनीला छोट्या ग्रुपला नाकारता येत नाही. विमा १ जानेवारीला सुरू होतो. तरण्या पोरांना विमा नको आणि साठीच्या मालकाला मात्र हवाच आहे, अशा धंद्यासाठी ही खिडकी मोलाची आहे. कर्मचारी असण्याची मूळ अट मात्र तेव्हाही कायम असते.

वयाचं गणित

२०१४ पासून छोट्या ग्रुपचा प्रीमियम चारच गोष्टींवर ठरतो: वय, राहण्याचा किंवा धंद्याचा भाग, कुटुंबात किती जणांचा विमा आहे, आणि तंबाखू. मधुमेह, बायपास, कॅन्सर यांचा दराशी काही संबंध नाही. बाई की पुरुष, कुठला धंदा, हेही बघत नाहीत. सगळ्यात वयस्क माणसाला तरुणाच्या तिपटीहून जास्त दर लावता येत नाही.

केंद्राच्या तक्त्यात २१ ते २४ वयाचा गुणक (दर किती पट, तो आकडा) १ धरला आहे. ४० ला १.२७८, ५० ला १.७८६, ५५ ला २.२३, ६० ला २.७१४, ६३ ला २.९५२ आणि ६४ ला ३. त्यापुढे आकडा हलत नाही. ७२ वर्षांच्या मालकाचा दर ६४ च्या मालकाएवढाच. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाप्रमाणे दर लावतच नाहीत, मॅसॅच्युसेट्समध्ये फरक दुपटीपर्यंतच जाऊ देतात, आणि आणखी काही राज्यांचे स्वतःचे तक्ते आहेत. आपल्या राज्याचा तक्ता ब्रोकरकडून मागून घ्या.

समजा, एखाद्या प्लॅनचा २१ वर्षांचा दर महिना ४०० डॉलर आहे. मालक ६३ वर्षांचा, बायको ५९ (गुणक २.६०३), कर्मचारी ३४ (१.२१४) आणि २७ (१.०४८).

मालक: १,१८०.८० डॉलर
बायको: १,०४१.२०
३४ वर्षांचा कर्मचारी: ४८५.६०
२७ वर्षांचा कर्मचारी: ४१९.२०
एकूण: ३,१२६.८०

म्हणजे ७१ टक्के बिल मालक जोडप्याचं आहे. आता कंपनी विचारेल, प्रत्येकाचा दर वयाप्रमाणे लावू की सगळ्या प्रौढांना सरासरी दर लावू? सरासरीने प्रत्येकी ७८१.७० डॉलर होतात. मालकाला हे आकर्षक वाटतं, पण धंद्याचं एकूण बिल तेवढंच राहतं, आणि निम्मा वाटा भरणाऱ्या २७ वर्षांच्या मुलाच्या पगारातून २०९.६० ऐवजी ३९०.८५ डॉलर कापले जातात. तो प्लॅन सोडतो, तुमची टक्केवारी घसरते आणि पुढच्या नूतनीकरणाला सरासरी वर जाते. कर्मचारी तरुण आणि मालक वयस्क असेल तर वयाप्रमाणेच दर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मालकाचा वाटा ठरावीक डॉलरमध्ये ठेवायचा की टक्क्यांत, हाही विचार करा. सगळ्यांना सरसकट २५० डॉलर दिले, तर पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्याच्या अंगावर फार पडतं, आणि निम्म्या वाट्याची अटही मोडू शकते.

वय मोजतात ते प्लॅन सुरू होण्याच्या किंवा नूतनीकरणाच्या दिवशीचं. मध्ये वाढदिवस आला म्हणून दर बदलत नाही. वाढदिवस १० मार्चला आणि नूतनीकरण १ मार्चला असेल, तर जवळजवळ पूर्ण वर्ष जुन्या वयाच्या दराने निघतं. पन्नाशीत एकेका वर्षाला गुणक साधारण ०.०८ ते ०.११ ने चढतो, तेव्हा हे नऊ दिवस जपण्यासारखे आहेत. २१ वर्षांखालच्या मुलांचे पैसे फक्त थोरल्या तिघांचेच लागतात.

तंबाखूसाठी दर दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. कॅलिफोर्निया, न्यूजर्सी, न्यूयॉर्क यांसारखी काही राज्यं ही वाढ लावूच देत नाहीत. गेल्या सहा महिन्यांत सरासरीने आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा तंबाखू घेतला असेल तरच ‘हो’ लिहायचं. सिगारेटच मोजतात असं समजू नका. तंबाखूचं पान, गुटखा, मशेरी हेही तंबाखूच आहे. नुसती सुपारी नाही. छोट्या ग्रुपमध्ये तंबाखू सोडवण्याच्या कार्यक्रमात नाव घातलं की ही वाढ माफ करावी लागते. खोटं लिहिलं तर कंपनी विमा रद्द करू शकत नाही, पण फरकाचे पैसे मागून वसूल करू शकते.

‘लेव्हल-फंडेड’ नावाचे प्लॅन (मालक दरमहा ठरावीक रक्कम भरून उपचारांच्या खर्चाची जोखीम काही अंशी स्वतः घेतो असे) स्वस्त म्हणून पुढे केले जातात. त्यांना वरचे नियम लागू नाहीत. ते प्रकृतीचे प्रश्न विचारतात, साठीच्या मालकाला चढा भाव सांगतात किंवा नकार देतात, आणि एक वाईट वर्ष गेलं की नूतनीकरणाला दर उसळतो. सगळा ग्रुप निरोगी असेल तर जरूर बघा. तिथे नकार आला तर नियमित छोट्या ग्रुपचं दार उघडंच असतं, कारण तिथे प्रकृतीवरून नाकारता येत नाही.

पासष्टी आणि २० चा आकडा

खरी मेख इथे आहे. मालक ६५ चा झाला, काम करतो आहे, ग्रुप प्लॅन चालू आहे. बिल आधी कुणी भरायचं? धंद्यात २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ग्रुप प्लॅन आधी आणि मेडिकेअर नंतर. २० पेक्षा कमी असतील तर मेडिकेअर आधी आणि ग्रुप नंतर. आपल्या बहुतेक छोट्या धंद्यांना दुसरा नियम लागतो.

अनेक ग्रुप करारांत पुढचं कलम असतं: माणूस मेडिकेअरला पात्र असेल तर त्याने पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि बाह्योपचारांचा भाग) घेतलेला असो वा नसो, मेडिकेअरने जेवढं दिलं असतं तेवढं वजा करूनच आम्ही देऊ. समजा, दवाखान्यात दाखल न होता झालेल्या शस्त्रक्रियेचं मेडिकेअरने मान्य केलेलं बिल १०,००० डॉलर आहे. २०२५ चं पार्ट बीचं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) २५७ डॉलर. उरलेल्याचे ८० टक्के, म्हणजे सुमारे ७,८०० डॉलर, मेडिकेअरने दिले असते. पार्ट बी घेतलेलाच नाही, म्हणून मेडिकेअर देत नाही. ग्रुप कंपनी म्हणते, ते आमचं नाही. ७,८०० डॉलर मालकाच्या खिशातून जातात, आणि तेही महिन्याला १,२०० डॉलर प्रीमियम भरत असताना.

म्हणून ६४ व्या वर्षी प्लॅनचा मूळ करार उघडा, जाहिरातीचं चार पानी पत्रक नव्हे. त्यात दोन विम्यांच्या ताळमेळाचं प्रकरण शोधा. शब्द ‘मेडिकेअर-एलिजिबल’ आहे की ‘मेडिकेअर-एन्रोल्ड’, ते बघा. ‘एलिजिबल’ असेल तर ६५ पूर्ण होण्याच्या महिन्यापासून पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) आणि बी दोन्ही हवेतच.

२० कसे मोजतात? चालू किंवा मागच्या वर्षातल्या किमान २० आठवड्यांत, आठवड्याच्या प्रत्येक कामाच्या दिवशी पगारपत्रकावर २० माणसं असावी लागतात. आठवडे सलग असायची गरज नाही. अर्धवेळ माणूसही एक पूर्ण डोकं धरतात. विम्याच्या १ ते ५० च्या मोजणीत अर्धवेळ माणसांचे तास एकत्र करून त्यांचं पूर्णवेळात रूपांतर करतात, इथे तसं नाही. या दोन मोजण्यांची गल्लत हमखास होते. आणखी एक: एकाच मालकीच्या दोन मोटेल आणि एक गॅस स्टेशन तीन वेगळ्या एलएलसीत असले, तरी मालकीचे नियम जुळले की सगळ्यांचे कर्मचारी एकत्र धरले जातात. प्रत्येकी आठ म्हणता म्हणता २४ होतात, आणि उत्तर उलटं होतं. विमा कंपनी दरवर्षी कर्मचारीसंख्येचा फॉर्म पाठवते. तो अकाउंटंटकडून आकडे घेऊनच भरा.

२० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मेडिकेअरच्या वयाच्या कर्मचाऱ्याला ग्रुप सोडण्यासाठी पैसे किंवा आमिष देणं बेकायदा आहे. त्याहून लहान धंद्याला ही बंदी नाही, पण मेडिकेअरचा हप्ता भरून द्यायचा तर तो कुठल्या व्यवस्थेखाली द्यायचा हे कर सल्लागाराला आधी विचारा.

६४ व्या वाढदिवसापासून काय करायचं

पहिलं, ४० क्वार्टर (कर भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) आहेत का ते सोशल सिक्युरिटीच्या खात्यात पाहा. पार्ट ए फुकट मिळायला ४० लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षं कर भरलेला असावा. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या नोकरीची वर्षं इथे कामाला येत नाहीत. पगार न घेता फक्त नफा उचलणाऱ्या एस-कॉर्पच्या (नफ्यावरचा कर मालक आपल्या विवरणात भरतो अशा कंपनीच्या) मालकांचे क्वार्टर अनेकदा कमी भरतात. २०२५ साली एका क्वार्टरला १,८१० डॉलर कमाई पुरत होती, तेव्हा दोनतीन वर्षं हाताशी असतील तर ही उणीव भरून निघते. जोडीदाराचे ४० असतील आणि त्याचं वय ६२ झालं असेल तर त्यावरही पार्ट ए मिळतो.

दुसरं, एचएसए (उपचारखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं). पार्ट ए सुरू झाला की एचएसएत पैसे घालता येत नाहीत. ६५ नंतर उशिरा अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागे जाऊन लागू होतो. त्या मागच्या महिन्यांत भरलेले पैसे जादा ठरतात आणि काढून घेतले नाहीत तर दरवर्षी ६ टक्के दंड लागतो. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी एचएसए थांबवा. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मागितलं तरी पार्ट ए आपोआप येतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, ६५ व्या वाढदिवसाच्या महिन्याच्या तीन महिने आधी अर्ज करा. वाढदिवस १ तारखेचा असेल तर मेडिकेअर आधीच्या महिन्यापासून लागतं. पार्ट बीचा हप्ता २०२५ साली १८५ डॉलर, २०२६ साली २०२.९० डॉलर. मालकांना मात्र बरेचदा जास्त पडतो, कारण दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात. २०२५ साठी एकट्याला १,०६,००० आणि जोडप्याला २,१२,००० डॉलरच्या वर जादा आकार लागला. काम थांबवल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्मवर तो कमी करून मागता येतो. धंदा विकल्याच्या नफ्यामुळे वाढलेला आकार त्या फॉर्मने सुटत नाही, म्हणून विक्रीचं वर्ष विचार करून निवडा.

चौथं आणि फार महत्त्वाचं, मेडिगॅप (मेडिकेअर न देणारा वाटा उचलणारा खासगी पूरक विमा). ६५ नंतर पार्ट बी सुरू झाला की सहा महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी प्रकृतीवरून नाकारू शकत नाही. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट सोडले तर बहुतेक राज्यांत ही संधी अशी पूर्ण मोकळी पुन्हा येत नाही. पार्ट बी घेऊन ग्रुपही चालू ठेवणारा मालक हे सहा महिने नकळत घालवतो. ६७ व्या वर्षी ग्रुप सोडतो, तोवर स्टेंट बसलेला असतो आणि मेडिगॅप कंपनी नाही म्हणते. २० पेक्षा कमी माणसांच्या धंद्यात मालकाने ६५ ला मेडिकेअर, मेडिगॅप आणि पार्ट डी (औषधांचा विमा) घेऊन ग्रुपमधून बाहेर पडावं, हेच बहुतेक वेळा पैशाने आणि संरक्षणानेही चांगलं ठरतं. दुय्यम विम्यासाठी महिना १,२०० डॉलर भरण्यात अर्थ नाही. जे दर हिवाळ्यात भारतात जातात त्यांनी मेडिगॅपचा प्लॅन जी किंवा एन बघावा. मेडिकेअर भारतात चालत नाही. या प्लॅनमध्ये प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचे, २५० डॉलर वजा करून, ८० टक्के मिळतात आणि आयुष्यभराची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर आहे. तीन महिने राहणार असाल तर उरलेल्या दिवसांसाठी प्रवासविमा वेगळा घ्या.

बायको ५९ ची असेल तर

मालक बाहेर पडला की त्याच्या नावावर ग्रुपमध्ये असलेली बायकोही बाहेर पडते. अनेक घरं इथेच अडतात. ती धंद्यात खरंच ३० तास काम करत असेल, तर तिला डब्ल्यू-२ वर आणा. ती स्वतः कर्मचारी म्हणून प्लॅनमध्ये राहू शकते. नाहीतर तिच्यासाठी मार्केटप्लेसचा (सरकारी विमाबाजारातला वैयक्तिक) प्लॅन घ्या, पण तारीख जुळवून. मालकाने आपखुशीने मध्येच ग्रुप सोडला तर तिला खास नोंदणीचा हक्क मिळेलच असं नाही. १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या खुल्या नोंदणीत तिचं नाव घाला आणि ग्रुप ३१ डिसेंबरला सोडा. ती प्लॅनवर नक्की आली याची खात्री झाल्यावरच ग्रुप सोडण्याच्या कागदावर सही करा. आणि ग्रुपमध्ये एकच बाहेरचा कर्मचारी असेल, तर तो नोकरी सोडेल त्या दिवशी बायकोचाही ग्रुप ढासळू शकतो, हे धरून चाला.

कराचं थोडक्यात: एस-कॉर्पमध्ये २ टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या मालकाचा प्रीमियम डब्ल्यू-२ च्या पहिल्या रकान्यात पगार म्हणून दाखवावा लागतो, मग वैयक्तिक विवरणात फॉर्म ७२०६ वरून त्याची वजावट मिळते. मेडिकेअरचे हप्तेही या वजावटीत बसतात. डिसेंबरच्या शेवटच्या पगाराआधी पेरोलवाल्याला हा आकडा कळवला नाही तर वजावट हातची जाऊ शकते.

‘एन्रोल्ड’ शब्द असलेल्या करारामुळे, किंवा २० हून मोठ्या धंद्यामुळे, तुम्ही ६५ नंतरही पार्ट बी पुढे ढकलला असेल, तर काम किंवा ग्रुप यांपैकी जे आधी संपेल तिथून आठ महिने मिळतात. उशिराचा दंड, म्हणजे दर पूर्ण १२ महिन्यांना १० टक्के, या काळात अर्ज केला तर लागत नाही. इथे धंदा २० चा आहे की ५ चा, हे बघत नाहीत. कोब्रावरचे (नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेल्या ग्रुप विम्याचे) महिने मात्र यात धरत नाहीत. अर्जासाठी सीएमएस-४०बी आणि सीएमएस-एल५६४ हे दोन फॉर्म लागतात. दुसऱ्यावर मालकाची सही लागते, आणि इथे तो मालक तुम्हीच असता. स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्यावर अधिकारी पुरावा मागू शकतो, म्हणून ६५ नंतरच्या प्रत्येक वर्षाचं विमा कार्ड, प्रीमियमची बिलं आणि कर विवरण एका फाइलमध्ये लावून ठेवा.